डोक्यातलं सर्किट: पाणी की गर्दी?

आज इंजिनिअरिंगच्या पोरांच्या डोक्यात डोकावूया. प्रश्न सोपा आहे: वायरमधून करंट वाहतो म्हटलं की तुम्हाला काय दिसतं?

पुण्यातल्या माझ्या बहुतेक मित्रांना पाणी दिसतं. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी म्हणजे बॅटरी, पाइप म्हणजे वायर, अरुंद पाइप म्हणजे रेझिस्टर. काहींना मात्र गर्दी दिसते. विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड, आणि रेझिस्टर म्हणजे मध्येच आलेलं चिंचोळं गेट.

मग बरोबर कोण? १९८३ साली डेड्रे आणि डोनाल्ड गेंटनर या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाणीवाल्यांना बॅटरीचे प्रश्न जास्त चांगले जमले, गर्दीवाल्यांना रेझिस्टरचे.

असं का? दोन टाक्या शेजारी-शेजारी ठेवा, नळाचा जोर तेवढाच राहतो. एकीवर दुसरी चढवून पाण्याची उंची दुप्पट करा, जोरही दुप्पट. पॅरलल आणि सिरीज बॅटरी, झाली समजून! पण दोन रेझिस्टर पॅरलल जोडले की पाणीवाला पटकन म्हणतो, "अडथळे दोन, म्हणजे करंट कमी." गर्दीवाल्याला लगेच दिसतं की एकाऐवजी दोन गेटं उघडली, म्हणजे माणसं जास्त सुटणार. करंट वाढतो.

हे फक्त पेपरपुरतं नाही बरं का. रूमवरचा एक्स्टेंशन बोर्ड आठवा. त्याला २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावली, शेजारी १५०० वॉटची किटली. प्रत्येक प्लग म्हणजे आणखी एक गेट. २३० व्होल्टला एकूण करंट होतो जवळपास १५ अँपिअर, आणि साधा बोर्ड असतो ६ अँपिअरचा! वायर तापते, आग लागू शकते.

अर्थात, दोन्ही चित्रं कुठेतरी दगा देतातच. पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर करंट थांबतो. आणि गर्दीच्या चित्रात बॅटरी कुठे दाखवायची, हे सुचतच नाही.

१९१६ साली सुरू झालेली, खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था धरणांची छोटी मॉडेल्स बांधून त्यात पाणी सोडून बघते. तिथे मॉडेल बांधण्याआधी ठरतं, की त्याला कोणता प्रश्न विचारायचा. आपणही तेच करायचं. एका चित्राला चिकटून बसायचं नाही, जोडीला दुसरं ठेवायचं.

तुम्हाला काय दिसतं? पाणी, गर्दी, की तिसरंच काही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू!