एक ओरखडा किती बोलतो?

ताडोबाचा तलाव पहाटे, वारा पडलेला असताना पाहिला, तर काठावरची झाडे त्यात जशीच्या तशी उमटलेली दिसतात. अशा वेळी एखादे पान पाण्यावर पडले, तरी उठलेला तरंग चटकन नजरेत भरतो. वारा सुटलेला असेल, तर तेच पान पडल्याचे कळतही नाही. संग्राहकांसाठी खास घडवलेल्या ‘प्रूफ’ नाण्यांचे असेच आहे.

मुंबईच्या टांकसाळीत नेहमीच्या नाण्यांबरोबर प्रूफ नाणीही पाडली जातात. त्यांसाठी ठसा आणि धातूची चकती दोन्ही आरशासारखी चकचकीत करतात व ठसा एकाहून अधिक वेळा दाबतात. नाण्याचा सपाट भाग त्यामुळे आरसाच बनतो. लक्षात ठेवा, ‘प्रूफ’ हे घडवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. नाण्याचा दर्जा वेगळा ठरवावा लागतो, आणि त्यात पृष्ठभागावरील ओरखडे व डाग फार महत्त्वाचे असतात.

असे का? हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५५ मिलिमीटर असते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा याहून पुष्कळ कमी असेल, तर प्रकाशाचे नियमित परावर्तन होते. किरण ठरावीक दिशेनेच जातात. इतर दिशांनी पाहिल्यास तो भाग काळा दिसतो. ओरखड्यापाशी मात्र किरण विखुरतात आणि काळ्या भागावर पांढरी रेघ चमकते. बाजारात फिरलेल्या नाण्यावर असे असंख्य ओरखडे असतात. त्यांत आणखी एकाची भर पडली तर कोणाला कळणार?

अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावली गेली. चांगल्या राखलेल्या प्रूफ नाण्याला ६० ते ७० मधला अंक मिळतो. पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातूनही हाताळणीची खूण दिसली नाही, तरच ७०! ओरखडा चित्रातील चेहऱ्यावर असेल तर अंक अधिक घसरतो, कडेजवळ असेल तर कमी.

भिंगातून रेघ उंच दिसली, तर मूळ ओरखडा ठशावर होता असे समजावे. खोल दिसली, तर ती बहुधा नंतरच्या हाताळणीची.

गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती. त्याची प्रूफ नाणीही मुंबईत पाडली गेली. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे अशी नाणी काळवंडतात. मग कोणी ती चिंचेने किंवा राखेने घासतो. काळेपणा जातो, पण घासताना शेकडो बारीक रेघा उमटतात. त्या काढायच्या तर आणखी धातू झिजवावा लागेल!

पडताळा घ्यायचा आहे? रोज घासले जाणारे स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती रेघांची वर्तुळे दिसतील. ताट हलवा, वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. असे का होते, ते वर्गात चर्चा करून शोधा. आणि घरात जुने नाणे असेल, तर ते कडेने धरा, पुसू नका.