गोठवून घडविलेला टायटॅनियम

अस्थिरोग विभागाच्या खर्चात टायटॅनियमच्या पट्ट्या व सळया दिसल्या की पोलादापेक्षा हा महाग धातू कशासाठी, असे देणगीदार आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीस मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमसाठी ५४,७२० आणि टायटॅनियमसारख्या विशेष धातूसाठी ७६,६०० रुपये ठरले. फरक २१,८८० रुपयांचा. आम्ही वाणिज्य शाखेचे, तरी जे समजून घेतले ते येथे सादर करीत आहोत.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. मात्र शुद्ध टायटॅनियम तुलनेने मऊ असतो. म्हणून भार सोसणाऱ्या जागी त्यात सुमारे ६ टक्के अॅल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळतात. हे धातू अंशाअंशाने शरीरात उतरतील, ही तज्ज्ञांची जुनी चिंता आहे.

काहीही न मिसळता बळ आणता येईल काय? धातू सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. ताण पडला की कणांतील अणूंचे थर घसरतात आणि कणाच्या सीमेशी अडतात. आपल्या बालाघाटच्या उतारावर बांध वाढविले की पाणी अडते, तसेच हे. रशियातील उफा येथील वालीएव यांनी शुद्ध टायटॅनियम प्रचंड दाबाखाली पिळून कण बारीक केले. त्याची ताकद ७०० वरून १२४० मेगापास्कलपर्यंत गेली. परंतु अशा रीतीने ताकद वाढली की बहुधा लवचीकपणा घटतो.

त्यावरचा तोडगा २०२१ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे निघाला. घिसाडी लोखंड तापवून घण मारतो. येथे नेमके उलटे झाले. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, त्याच उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये शुद्ध टायटॅनियमचे लहान ठोकळे ठेवून ते तिन्ही दिशांनी थोडेथोडे दाबले. इतक्या थंडीत थरांची घसरण अवघड होते. मग कणांच्या आतच आरशातील प्रतिबिंबासारखे अतिसूक्ष्म जुळे पट्टे उमटतात, म्हणजे बांधांच्या आत आणखी बांध. ताकद सुमारे दुप्पट झाली आणि लवचीकपणाही वाढला.

ऊसतोडणीस जाणाऱ्या आमच्या रुग्णास बरे होताच मोळी उचलायची असते. त्याच्या पायातील सळई वाकूनही चालत नाही आणि तुटूनही. वरील यश मात्र प्रयोगशाळेतील लहान ठोकळ्यांवरचे आहे. तेथून शस्त्रक्रियागृहापर्यंत येण्यापूर्वी दीर्घ चाचण्या व्हाव्या लागतात. तूर्त कोणत्या रुग्णास पोलाद पुरेल व कोणास टायटॅनियम लागेल, हा निर्णय शल्यचिकित्सकांचाच राहील.