न चाललेला खटला

चकमकीत झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी कशी करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र’ प्रकरणात सोळा मुद्द्यांत सांगून ठेवले. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत डोक्यात गोळी लागून मेला. तळोजा तुरुंगातून त्याला ठाण्याकडे नेले जात होते. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि आम्ही स्वसंरक्षणासाठी गोळी घातली, असे पोलिसांनी सांगितले. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. माझे म्हणणे उलट आहे. त्या गोळीने मुलींचा सूड घेतला गेला नाही, त्यांचा खटला संपला. आरोपी मेला की त्याच्यापुरती सुनावणी थांबते. मग साक्ष नाही, उलटतपासणी नाही, निकालही नाही.

त्याआधी, याच अत्याचाराच्या निषेधात, २० ऑगस्टला हजारो माणसे बदलापूर स्थानकात रुळांवर बसली, लोकल तासन्‌तास बंद पडल्या. हा राग तक्रार नोंदवायला दिरंगाई करणाऱ्या पोलिसांवर आणि शाळेवरही होता. महिन्याभरात त्याच पोलीस दलाला टाळ्या मिळाल्या आणि दिरंगाईचा प्रश्न मागे पडला. उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने साधा प्रश्न विचारला: गाडीत चार पोलीस असताना एक माणूस आवरता आला नाही? गोळी पायावर का मारली नाही? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल न्यायालयासमोर आला. मृताच्या बोटांचे ठसे पिस्तुलावर आढळले नव्हते. मृत्यूला चालक धरून पाच पोलीस जबाबदार ठरवले गेले. त्याआधी, मृत्यूनंतर लगेच, कुटुंबाला दफनासाठी जागा मिळेना. बदलापूरने नाकारले, अंबरनाथने नाकारले. शेवटी न्यायालयात दाद मागितल्यावर उल्हासनगरच्या शांतीनगरात, स्थानिकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात खड्डा खणला गेला.

कोर्टात वर्षानुवर्षे जातात, मुलींच्या आईबापांनी तोवर काय करायचे, हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. पण कोपर्डीतल्या मुलीवरील बलात्कार-खुनाचा गुन्हा जुलै २०१६ चा, आणि अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर खटला चालतो. मुंबई हल्ल्यातल्या कसाबलासुद्धा वकील मिळाला, अपिलाचा हक्क मिळाला. २६/११ चा कट त्यामुळेच पुराव्यानिशी नोंदला गेला. दुसरा आक्षेप असा, की अशा माणसाला कसले मानवी हक्क? हक्क माणूस पाहून वाटले, तर कोठडीतला माणूस चांगला की वाईट हे गाडीतला पोलीसच ठरवणार. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीतच मेला. त्याच्यावर तर बलात्काराचा आरोप नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बदलापूरच्या आरोपीच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयाला सांगितले, की हा लढा आम्हाला पुढे चालवायचा नाही. न्यायालयाने तरी प्रकरण बंद केले नाही. मदतीसाठी न्यायमित्र नेमले आणि एप्रिलमध्ये विशेष तपास पथकाचा आदेश दिला. कोठडीतला मृत्यू हा घरच्यांचा खासगी दावा नसतो. त्याचा तपास करणे सरकारचेच काम आहे.