‘सी’चे दोन आवाज

सर्कस हा शब्द इंग्रजीत लिहून पाहा. त्यात ‘सी’ हे अक्षर दोनदा येते. पहिल्याचा उच्चार ‘स’, दुसऱ्याचा ‘क’. सायकल शब्दातही तोच प्रकार. अ‍ॅक्सिडेंट या शब्दात तर दोन ‘सी’ एकमेकांना चिकटून उभे आहेत, तरी पहिला ‘क’ म्हणतो आणि दुसरा ‘स’! एकाच अक्षराने असे दोन आवाज काढावेत, हा काय न्याय झाला?

मी आठवीत असताना सहलीवर निबंध लिहिला होता. ‘पिकनिक’ या शब्दाला मी सरळ ‘आय-एन-जी’ जोडून मोकळा झालो. गुरुजींनी मध्ये लाल शाईने एक ‘के’ घुसवला आणि तो शब्द वीस वेळा लिहायला लावला. मी लिहिला. पण हा ‘के’ कोठून आला, हे ना त्यांनी सांगितले, ना मी विचारले. पुष्कळ वर्षांनी उत्तर कळले, तेव्हा ते इतके सोपे निघाले की, तुम्ही ते आज संध्याकाळी आपल्या पाचवी-सहावीतल्या भावंडाला देऊ शकाल.

मात्र नियम आधी सांगू नका. त्याच्याच पुस्तकातून ‘सी’ असलेले तीसचाळीस शब्द त्याला काढू द्या. ‘सी-एच’ ही जोडी तेवढी वगळा, तिचा कारभार निराळा आहे. ‘स’ उच्चाराचे शब्द डावीकडे, ‘क’ उच्चाराचे उजवीकडे लिहायचे. डावीकडे सिटी, सेंटर, सिनेमा, पेन्सिल, राइस, फॅन्सी. उजवीकडे कॅट, कोट, कप, क्लास, पिकनिक. आता प्रत्येक शब्दात ‘सी’च्या लगेच पुढचे अक्षर कोणते, त्याखाली रेघ मारायला सांगा आणि गप्प बसा. थोड्याच वेळात पोरगे ओरडेल, ‘‘ताई, डावीकडे फक्त ‘ई’, ‘आय’ नि ‘वाय’च आहेत!’’ उजवीकडे ‘ए’, ‘ओ’, ‘यू’, एखादे व्यंजन, नाहीतर काहीच नाही. नियम त्याचा त्यानेच शोधला. तो आता सहसा विसरणार नाही.

या नियमाने माझा लाल शाईचा ‘के’ लगेच उलगडतो. पिकनिकच्या शेवटच्या ‘सी’पुढे काही नाही, म्हणून तो ‘क’. ‘आय-एन-जी’ जोडले की त्याच्यापुढे ‘आय’ येतो आणि वाचणारा ‘पिकनिसिंग’ वाचील. ते टाळण्यासाठी मध्ये ‘के’ पहारेकरी म्हणून उभा केला. ‘नोटिसेबल’ या शब्दात याच्या उलट घडते. नोटिसच्या शेवटचा ‘ई’ काढून ‘ए-बी-एल-ई’ जोडले, तर ‘सी’पुढे ‘ए’ येऊन ‘स’चा ‘क’ होईल. म्हणून तो मुका ‘ई’ जागचा हलवत नाहीत.

बरे, पण ‘ई’, ‘आय’, ‘वाय’ यांच्यातच ही जादू का? त्यासाठी एक प्रयोग करा. पुस्तक बाजूला ठेवून हळूच ‘का’ म्हणा, मग ‘की’ म्हणा. जीभ टाळूला कोठे टेकते, तिकडे लक्ष द्या. ‘का’ म्हणताना ती मागे टेकते, ‘की’ म्हणताना बरीच पुढे सरकते. ‘इ’ आणि ‘ए’ हे स्वर जीभ टाळूच्या पुढच्या भागाकडे उचलून म्हणावे लागतात, आणि आधीच्या व्यंजनालाही ते आपल्याकडे ओढून घेतात. आपल्या मराठीत हे रोज घडते. ‘माझा’ म्हणा आणि ‘माझी’ म्हणा. अक्षर ‘झ’च, पण पहिला दातांजवळचा, दुसरा टाळूवरचा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन ‘च’ निरनिराळे आहेत. आपण ते नकळत बरोबर उच्चारतो.

लॅटिन भाषेत ‘सी’ हे अक्षर सर्वत्र ‘क’ होते. शंभर या अर्थाचा लॅटिन शब्द ‘केंटुम’; तो ‘सी’नेच लिहीत. पुढच्या काही शतकांत ‘ए’, ‘इ’ यांच्या आधीचा हा ‘क’ टाळूवर पुढेपुढे सरकत गेला. इटालियन भाषेत तो ‘च’वर थांबला, म्हणून तेथे शंभराला ‘चेंतो’ म्हणतात. फ्रेंचमध्ये तो ‘त्स’वरून ‘स’पर्यंत पोचला. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या शब्दांबरोबर, त्यांच्या लेखनिकांबरोबर हा ‘स’ इंग्रजीत आला. क्रिकेटमधल्या शतकाला आपण सेंच्युरी म्हणतो, केंच्युरी म्हणत नाही, ते या प्रवासामुळे.

त्याआधीच्या इंग्रजीत राजा हा शब्द ‘सी-वाय-एन-आय-एन-जी’ असा लिहीत आणि ‘क’नेच उच्चारीत. नॉर्मनांनंतर तो ‘सी’ फसवा ठरू लागला. तेथे ‘के’ आला आणि शब्द आजचा ‘किंग’ झाला. तेव्हा एखाद्या मुलाने किंग ‘सी’ने लिहिला, तर त्याला हसू नका. हजार वर्षांपूर्वी त्याची चूक कोणी काढली नसती! ‘क’ उच्चारापुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ असेल तर बहुधा ‘के’ लिहायचा, एवढे त्याला दाखवून द्या.

आता नियमाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लिहिलेला शब्द वाचायला तो उत्तम. ऐकलेला शब्द लिहायला अर्धाच उपयोगी. ‘सिटी’ हा शब्द ‘एस’ने लिहिणाऱ्या मुलाने कोणताच नियम मोडलेला नाही. ‘स’ आवाजासाठी ‘एस’ की ‘सी’, हे शब्दागणिक लक्षातच ठेवावे लागते. तेथे लाल शाई जरा जपून वापरावी, असे मला वाटते.

अपवाद थोडे आहेत, आणि बहुतेकांचे मूळ सापडते. ‘चेलो’ हे वाद्य इटालियन, म्हणून त्याचा ‘सी’ ‘च’ म्हणतो. ‘सॉकर’ हा असोसिएशन फुटबॉलमधल्या पहिल्या शब्दाचा तुकडा तोडून केलेला विद्यार्थ्यांचा बोलीशब्द. त्याने नियमाची पर्वा केली नाही. ओशन, स्पेशल यांत ‘स’ आणखी सरकून ‘श’ झाला. ‘जी’ या अक्षरालाही असाच नियम लावतात: जेम, जायंट, जिम. पण गेट, गिव्ह, गर्ल हे रोजचे शब्द लॅटिन-फ्रेंच वाटेने आलेले नाहीत, ते त्याला जुमानत नाहीत. म्हणून मुलांना आधी ‘सी’च शिकवावा.

जाता जाता एक कोडे. ‘सर्व्हिसेबल’ या शब्दात ‘ए-बी-एल-ई’च्या आधी ‘ई’ आहे. ‘प्रॅक्टिस’शी नाते असलेल्या, ‘करता येण्याजोगे’ या अर्थाच्या शब्दात त्या जागी तो नाही. मग या दुसऱ्या शब्दाचा उच्चार काय होईल? आधी ठरवा, मगच शब्दकोश उघडा.