विश्लेषण : पुण्यातील काही जुने वाडे टिकले, बाकीचे का पडले?

दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोरचा भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तेथून पायी काही मिनिटांवर असलेला विश्रामबागवाडा मात्र दोनशेहून अधिक वर्षांनंतरही उभा आहे. पुण्याला ‘विद्येचे माहेरघर’ म्हटले जाते, त्या ओळखीशी या दोन्ही वाड्यांचा थेट संबंध आहे. मग एक वाडा आजही वापरात आणि दुसऱ्याच्या जागी नवे स्मारक, असे का झाले? जुन्या वास्तू नेमक्या कशामुळे टिकतात?

शिक्षणसंस्था आणि वाडे यांचे नाते काय?

पुण्यातील आधुनिक शिक्षणाची सुरुवात मोठ्या आवारांत नव्हे, तर पेठांमधल्या वाड्यांत झाली. महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती भिडेवाड्यात. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आदींनी १८८० मध्ये सुरू केलेली न्यू इंग्लिश स्कूलही वाड्यातच भरू लागली. पुढे नाना फडणवीसांच्या नानावाड्यात ही शाळा अनेक वर्षे चालली. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले वर्ग २ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले. आज ओळखीची असलेली दगडी इमारत महाविद्यालयाला मिळाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८९५ मध्ये.

पेशवाई संपल्यानंतर मोठे वाडे रिकामे झाले होते. नव्या शाळांना कमी खर्चात ऐसपैस जागा हवी होती. वाड्याचा चौक, ओसरी आणि सलग खणांचे दिवाणखाने वर्गांसाठी सोयीचे होते. शाळेला छप्पर मिळाले आणि वाड्याला रोजचा वापर.

विश्रामबागवाडा कसा टिकला?

दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. त्यासाठी पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणा निधीचा पैसा वापरण्यात आला. पुढे डेक्कन कॉलेज झाले ते याच पाठशाळेतून. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभारण्यात आला. त्याच वर्षी आगीत सापडलेला बुधवारवाडा मात्र नष्ट झाला.

नंतर बराच काळ पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार विश्रामबागवाड्यातून चालला. टपाल कार्यालय, महापालिकेची कार्यालये, शहराच्या इतिहासाचे छोटे प्रदर्शन असा त्याचा वापर होत राहिला. या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेने संवर्धन वास्तुविशारदांकडून त्याची शास्त्रशुद्ध दुरुस्ती सुरू केली. थोडक्यात, वाड्याची मालकी सार्वजनिक राहिली आणि त्याचे दार रोज उघडत राहिले.

माजी विद्यार्थ्यांनी महाविद्यालय कसे वाचवले?

विश्रामबागेतील पाठशाळेचे महाविद्यालय झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. या इमारतीला सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी होती. सरकारने १९३४ मध्ये महाविद्यालय बंद केले. इमारत आणि परिसरही हातचा जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. तो लढा दीर्घकाळ चालला आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्वशास्त्र या विषयांत संस्थेचे नाव आज देशभर आहे. टिळक विद्यार्थी असताना राहत होते ती खोलीही तेथे जपून ठेवली आहे.

‘वारसा संवर्धन’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ‘ऐतिहासिक इमारत वाचवा’ एवढीच मागणी माजी विद्यार्थ्यांनी केली नाही, बंद पडलेली संस्था पुन्हा चालू करण्यासाठी ते भांडले. संस्था चालू झाली आणि इमारतही वाचली.

भिडेवाड्याच्या बाबतीत काय वेगळे घडले?

येथे शाळा फार पूर्वीच बंद झाली होती. वाडा खासगी मालकीचा होता, तळमजल्यावर दुकाने होती आणि भाडेकरूंची उपजीविका त्यावर अवलंबून होती. राष्ट्रीय स्मारकाची मागणी जुनी. पण भूसंपादन आणि मोबदल्याचा वाद न्यायालयात एका तपाहून अधिक काळ रेंगाळला. दरम्यान वाडा दर पावसाळ्यात खचत गेला. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. जागा ताब्यात आली, पण वास्तू वाचवण्याची वेळ निघून गेली होती. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाची पायाभरणी झाली.

स्मारक होईल, इतिहास सांगितलाही जाईल. मात्र ज्या उंबऱ्यातून मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या, तो उंबरा आता नाही.

खासगी वाडे पडण्याची कारणे कोणती?

पहिले कारण भाड्याचे. जुन्या भाडे कायद्यांमुळे अनेक वाड्यांतील भाडी दशकानुदशके जवळपास गोठलेली राहिली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच नगण्य असेल तर त्या वाढीतून छपराची कौलेही बदलता येत नाहीत. दुसरे कारण वाटण्यांचे. एका वाड्याचे अनेक वारस, काही परगावी, काही परदेशात. सर्वांच्या सह्या मिळेपर्यंत तुळया खाली येतात. तिसरे कारण जमिनीच्या किमतीचे. मध्यवर्ती पेठांतील जागेवर इमारत उभी राहिली तर मालक आणि भाडेकरू दोघांनाही पक्के घर मिळते. वाड्यातील सामायिक संडास आणि गळक्या भिंतींत राहणाऱ्या कुटुंबाला हा पर्याय हवासा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही. त्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात झोपवले.

शनिवारवाड्याभोवतीची अडचण याच्या उलट आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी लागते. त्यामुळे परिसरातील जीर्ण वाड्यांच्या रहिवाशांना फक्त दुरुस्तीच करता येते. स्मारकाचे संरक्षण होते, पण शेजारच्या कुटुंबांचा पुनर्विकास अडतो.

वारसा यादीत नाव आल्याने काय होते?

महापालिकेच्या वारसा यादीत अडीचशेच्या आसपास वास्तू असून त्यांच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत मूळ स्वरूपाला सहसा हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत बाह्य रूप राखून आतून बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत अधिक मोकळीक असते. बांधकामावर मर्यादा आल्याने मालकाचे नुकसान होते, म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर देण्याची तरतूद आहे. न वापरलेला बांधकाम हक्क विकून मालकाने दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा, अशी ही कल्पना. मात्र वाडा छोटा, वारस अनेक आणि भाडेकरूंशी वाद सुरू असेल, तर हा लाभ कागदावरच राहतो. यादी पाडकाम रोखू शकते, गळती रोखू शकत नाही.

दुरुस्ती इतकी अवघड का असते?

वाड्याचा भार भिंतींपेक्षा सागवानी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, त्यावर तुळई, वर कडीपाट. भिंतींत विटा, माती आणि चुना. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजू लागते. घाईने केलेली अशी ‘दुरुस्ती’ अनेकदा अधिक नुकसान करते. चुना मळणारे गवंडी आणि जुने सांधे जाणणारे सुतार कमी झाल्याने खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

वारसा फेऱ्या आणि उत्सवांचा उपयोग काय?

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि नोव्हेंबरमधील जागतिक वारसा सप्ताह यानिमित्ताने पेठांमधून वारसा फेऱ्या निघतात, प्रदर्शने आणि व्याख्याने होतात. वास्तुकलेचे विद्यार्थी वाड्यांची मोजमापे घेऊन नकाशे तयार करतात; वाडा पडला तरी त्याची नोंद उरते. फर्ग्युसनच्या वसतिगृहातील स्वातंत्र्यवीर सावरकरांची खोली त्यांच्या जयंतीला पाहण्यासाठी खुली केली जाते. मानाच्या पाचव्या गणपतीमुळे केसरीवाड्यात दरवर्षी हजारो पावले पडतात.

अशा कार्यक्रमांतून दुरुस्तीचा निधी उभा राहत नाही. पण ज्या वास्तूत लोक येत-जात राहतात, तिची पडझड लवकर लक्षात येते आणि ती पाडण्याचा निर्णय गुपचूप घेता येत नाही.

पुढे काय करता येईल?

टिकलेल्या वास्तूंकडे पाहिले तर तीन गोष्टी समान दिसतात: जबाबदारी निश्चित असलेला मालक, नियमित देखभाल आणि रोजचा वापर. खासगी वाड्यांबाबत या तिन्हींची सोय एकत्र करावी लागेल. भाडेकरूंचे पुनर्वसन, वारसांमधील तडजोड आणि टीडीआर हे प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर राहिले, तर निर्णयाआधी पावसाळा येतो. अभ्यासिका, ग्रंथालय, वसतिगृह, छोटी कलादालने यांची गरज या विद्यार्थ्यांच्या शहराला आजही आहे. दीडशे वर्षांपूर्वी शाळांनी वाड्यांना दिलेला आधार पुन्हा देता येऊ शकतो. मात्र त्यासाठी वाडा उभा असतानाच हालचाल व्हायला हवी.