वर धान, खाली मँगनीज : माझं गाव तिरोडी



मंडळात कुणाशी नवी ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं मूळ गाव कोणतं?" सातारा, सांगली, नाशिक ही उत्तरं लगेच पटतात. मी "तिरोडी" म्हटलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, गोंदियाजवळचं तिरोडा!" मग मला सांगावं लागतं, "नाही हो, तिरोडा वेगळं. आमचं तिरोडी. मध्य प्रदेशातलं, बालाघाट जिल्ह्यातलं." यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "मग तुम्ही मराठी कसे?"

या प्रश्नाचं उत्तर चहाच्या कपाबरोबर देता येत नाही, म्हणून आज इथे लिहितोय.

जायचं कसं?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने साधारण ८० किलोमीटरवर तुमसर रोड स्टेशन लागतं. तिथून एक फाटा उत्तरेला निघतो. गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, महकेपार अशी स्टेशनं घेत गाडी तिरोडीला पोचते. वाटेत कुठेतरी महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू होतो, पण खिडकीतून ते कळत नाही. इकडेही धानाच्या बांध्या, तिकडेही धानाच्या बांध्या. दुकानांच्या पाट्या मात्र बदलतात.

आमच्या आजोबांच्या लहानपणी ही सीमा नव्हतीच. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि भंडारा, बालाघाट हे शेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी भोपाळ झाली. सोयरिकी, बाजार, सणवार मात्र पूर्वीसारखेच तुमसर-भंडाऱ्याकडे राहिले. त्यामुळे गावात पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी अशा चारही भाषा कानावर पडतात. मी शाळा हिंदीतून शिकलो, घरी मराठी बोललो, आणि बी.ई. करायला नागपूरला गेल्यावर मला कळलं की माझ्या मराठीला तिथले मित्र हसतात!

दगडाला गावाचं नाव

तिरोडी जगाच्या नकाशावर आलं ते मँगनीजमुळे. या पट्ट्यातलं मँगनीज काढण्यासाठी १८९६ साली एक ब्रिटिश सिंडिकेट स्थापन झाली. पुढे तिचं नाव 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' झालं. १९६२ मध्ये तिच्या खाणी सरकारी भागीदारीत आल्या, १९७७ मध्ये उरलेला हिस्साही सरकारने घेतला, आणि आज तीच कंपनी 'मॉइल' म्हणून ओळखली जाते. पोलाद बनवायला मँगनीज लागतंच. म्हणजे तुमच्या घरातल्या स्टीलच्या वस्तूत आमच्या गावचा एखादा कण असू शकतो.

एक गंमत सांगतो. १९३८ मध्ये इथल्या एका खनिजाला 'तिरोडाइट' असं नाव दिलं गेलं. या परिसरातल्या प्राचीन खडकालाही भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'तिरोडी नाइस' म्हणतात. मी हे पहिल्यांदा कॉलेजात इंटरनेटवर वाचलं तेव्हा हॉस्टेलभर सांगत सुटलो होतो.

आमची खाण उघडी खाण आहे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली जातात. लहानपणी मला वाटायचं, गावात दोनच प्रकारची माणसं असतात : खाणीवर जाणारी आणि बांधीवर जाणारी. आमचं घर बांधीवर जाणाऱ्यांचं.

धानाचं वर्ष

पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना 'बांधी' शब्द माहीत नसतो. चारी बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं खाचर म्हणजे बांधी. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपं तयार करायची. पाऊस लागला की चिखल करायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. गुडघ्याएवढ्या चिखलात बायका ओळीने वाकून रोपं लावत मागे मागे सरकत जातात. मी बारावीच्या सुट्टीत एकदा हौसेने उतरलो होतो. अर्ध्या तासात कंबर धरली आणि काकूने "बाबू, तू बांधावर बस, चहा घेऊन ये" असं सांगून माझी बढती केली.

दिवाळीच्या आगेमागे कापणी. ओलावा असेपर्यंत उभ्या धानातच लाखोरी फेकून ठेवायची, म्हणजे धान निघाल्यावर त्याच बांधीत डाळीचं पीक. पूर्वी धानाचे पुंजणे रचून बैलांनी चुरणा व्हायचा, आता थ्रेशर येतं आणि एका दिवसात काम संपतं.

आमच्या जिल्ह्याचा सुगंधी 'चिन्नोर' तांदूळ तुम्ही खाल्ला नसेल तर जरूर मिळवा. उशिरा तयार होतो, उत्पादन कमी देतो, म्हणून अनेकांनी तो सोडून संकरित वाण धरले. २०२१ मध्ये 'बालाघाट चिन्नोर'ला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून पुन्हा त्याची विचारपूस सुरू झाली आहे. आमच्याकडे काका अजूनही एका लहान बांधीत तो लावतात, फक्त घरापुरता.

पाणी हा कायमचा विषय. बावनथडी नदीवर दोन्ही राज्यांनी मिळून राजीव सागर धरण बांधलं आहे. पण आमच्या बांध्यांपर्यंत कालवा येत नाही. आम्ही पावसावर आणि गावच्या तलावावर. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस थांबला की काकांचा फोन येतो आणि ते फक्त "तिकडं पानी हाय का?" एवढंच विचारतात.

नाव कुणाचं?

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. २०२४ च्या दिवाळीत मंडईसाठी गावी गेलो होतो. अंगणात धानाची पोती रचलेली होती आणि एक व्यापारी भाव करत होता. सरकारी हमीभाव त्या हंगामात साध्या धानाला क्विंटलला २,३०० रुपये होता. हा माणूस साडेचारशे कमी देत होता आणि काका मान डोलवत होते.

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, हमीभावाने का नाही विकत? ऑनलाइन नोंदणी असते ना? मी करून देतो."

काका म्हणाले, "नोंदणी कोनाच्या नावानं करू बाबू? जमीन अजून बाबाच्याच नावावर हाय."

आजोबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

महाराष्ट्रात सातबारा असतो तसा आमच्याकडे खसरा. आमच्या तीन एकरांच्या खसऱ्यावर नऊ वर्षं गेलेल्या माणसाचं नाव होतं. वारसांची नावं चढवायला जे करावं लागतं, त्याला आमच्याकडे फौती नामांतरण म्हणतात. त्यासाठी तिन्ही भावंडं लागतात : माझे बाबा, काका आणि आत्या. काकांनी दरवर्षी विषय काढला होता. "तुझ्या बाबाले सांगतलं होतं. तो म्हने, येतो उन्हाळ्यात." उन्हाळे आले आणि गेले. बाबांना सुट्टी नव्हती, आत्याकडे लग्न होतं, मला रिलीज होतं.

रात्री झोप येईना, म्हणून फोनवर हिशोब केला. साधारण चाळीस क्विंटल धान, क्विंटलमागे साडेचारशेचं नुकसान, म्हणजे अठरा हजार रुपये. एका वर्षाचे. ज्या फोनवर मी हे मांडत होतो तो त्याहून महाग होता. गावात येऊन मी दरवर्षी तांदळाचं पोतं घेऊन जात होतो आणि वर "गावचा तांदूळच वेगळा" असं ऑफिसात सांगत होतो. काकांनी एकदाही पैशाचं बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता नावं चढवायचीच तर विकूनच टाकू. तीन एकरांत काय ठेवलंय? तिघांचे पैसे मोकळे होतील." आत्याचंही तेच मत पडलं. तिचं चूक नव्हतं. जमिनीत तिचा बरोबरीचा हक्क आहे आणि आजवर तिला त्यातून पोतंभर तांदळापलीकडे काही मिळालं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. काका विळ्याला धार लावत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "विका. पन पुढच्या रोवणीआधी सांगा, म्हंजे मी पऱ्हे टाकत नाही."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी येतो."

आणि खरंच आले. आत्याही आली. तीन दिवस वाद झाला, जुनी उणीदुणी निघाली, काकूने दोनदा ताटं वाढून परत नेली. शेवटी ठरलं ते असं : विकायची नाही, खसऱ्यावर तिघांची नावं लावायची, कसायची काकांनी, आणि खर्च वजा जाता आत्याला आणि बाबांना दरवर्षी ठरलेला हिस्सा. मी ते कागदावर लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. मग मृत्यूचा दाखला, वंशावळ, अर्ज, तारखा. मी त्यासाठी दोनदा रजा काढून गेलो. पावसाळ्याआधी नावं चढली.

२०२५ च्या हंगामात काकांनी पहिल्यांदा हमीभावाची नोंदणी केली. बाबांनी आणि आत्याने संमती दिली. मी इथून स्लॉट बुक केला. भाव २,३६९ रुपये झाला होता. पैसे खात्यात आल्यावर काकांनी मला मेसेजचा फोटो पाठवला. फोटो तिरपा आणि अर्धा अंगठ्याने झाकलेला, पण आकडा दिसत होता. त्याखाली आवाजी निरोप होता : "आत्याचा हिस्सा पाठवला. तिचा तांदूळ वेगळा."

जाता जाता

तर "तुम्ही मराठी कसे?" या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं लांबलचक आहे. एका गावातून दगड आगगाडीने बाहेर गेला, त्याच गाडीने आम्ही मुलंही बाहेर गेलो. मागे जी माणसं राहिली, त्यांनी बांध्या आणि बोली दोन्ही राखल्या, आणि आम्ही त्यांना नऊ वर्षं एक सही दिली नाही.

आपल्यापैकी अनेकांचं कुठे ना कुठे असं गाव आहे. पुढच्या फोनवर काका-मामांना पिकपाणी विचाराल तेव्हा एवढं जरूर विचारा : जमीन कागदावर कुणाच्या नावाने आहे? उत्तर ऐकून रजा टाकावी लागली तर टाका.

आणि दिवाळीनंतर वेळ काढता आला तर तिरोडीच्या बाजूला मंडई बघायला या. चिन्नोरचा भात आणि लाखोरीची डाळ आमच्याकडे. रोवणीला आलात तर मात्र बांधावर बसायची जागा माझी आहे.