निरगाठ नको, सुरगाठ हवी

मराठीत गाठीची दोन ठळक रूपे आहेत. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि एकदा बसली की काही केल्या सुटत नाही ती निरगाठ. घरोघरी आणि कचेऱ्यांत वायरींचे जंजाळ आवरण्यासाठी जो प्लॅस्टिकचा केबल टाय सर्रास वापरला जातो, तो या दुसऱ्या जातीचा. तो स्वस्त आहे, मजबूत आहे आणि क्षणार्धात बसतो. मात्र वायरींची मांडणी वरचेवर बदलणाऱ्या आजच्या घरात ही निरगाठ कितपत योग्य, याचा विचार सहसा होत नाही. संगणक, राउटर, दूरचित्रवाणी संच, मोबाइलचे चार्जर यांची भर पडत असताना हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा उरलेला नाही. वायरींचे आयुष्य, जोडणीची विश्वासार्हता आणि कचरा या तिन्ही गोष्टी त्यात गुंतल्या आहेत.

विमानाच्या कारखान्यातून घरात

केबल टायचा जन्म घरगुती वापरासाठी झाला नाही. विमानात हजारो वायरी जुड्या करून न्याव्या लागतात. पूर्वी हे काम मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर हाताने गाठी मारून केले जाई. अमेरिकेतील थॉमस अँड बेट्स या कंपनीतील मॉरस लोगन यांनी १९५६ मध्ये बोइंगच्या विमान कारखान्याला भेट दिली, तेव्हा हे काम किती किचकट आहे आणि दोरा आवळताना कामगारांच्या बोटांना कशा इजा होतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून त्यांनी केबल टायची रचना केली आणि १९५८ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या टायमध्ये पकडीसाठी धातूचा बारीक दात असे. पुढे संपूर्ण टाय नायलॉनचाच होऊ लागला.

त्याची यंत्रणा साधी आहे. पट्टीच्या एका बाजूला बारीक दाते असतात आणि डोक्यातील खाचेत एक लवचिक जीभ असते. पट्टी ओढली की जीभ एकेका दात्यावरून घसरत पुढे जाते. मागे खेचली की तीच जीभ दात्यात रुतते. विमानात हा गुण मोलाचा ठरतो, कारण सततच्या कंपनांतही जुडी सैल होता कामा नये. घरातील मेजाखालच्या वायरी मात्र हादरत नसतात. त्या बदलत असतात.

तोडण्याचा धोका

एखादा चार्जर बदलायचा झाला, राउटर दुसऱ्या खोलीत न्यायचा झाला, की टाय कापावाच लागतो. जुडी घट्ट असेल तर कात्रीचे किंवा सुरीचे पाते टाय आणि वायर यांच्यामध्ये घुसवावे लागते आणि तेथेच वायरीचे वेष्टन कापले जाण्याचा धोका असतो. विजेच्या वायरीवरील असा लहानसा छेदही घातक ठरू शकतो. शिवाय टायचे उरलेले टोक तिरके कापले गेले, तर त्याची कड धारदार राहते. पुढच्या वेळी अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालणाऱ्याला त्याचा प्रसाद मिळतो.

दुसरा धोका अति आवळण्याचा. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ नेमका असतो, कारण त्यामुळेच शेजारच्या तारांचा आणि बाहेरचा विद्युत व्यत्यय कमी होतो. टायने केबल चिरडली गेली, की जोड्यांमधील अंतर आणि पीळ बिघडतो आणि माहितीच्या वहनात त्रुटी येऊ शकतात. अशा केबलला वळण देताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान चौपट असावी, असा संकेत आहे. म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या केबलसाठी सुमारे अडीच सेंटिमीटर. अनेक घरांत पोहोचलेली ऑप्टिकल फायबर त्याहून नाजूक असते. तिच्यावर दाब पडला किंवा तिला तीव्र वळण बसले, तर काचेच्या तंतूतून प्रकाश बाहेर निसटतो आणि संदेश क्षीण होतो. बाहेरून केबल धडधाकट दिसते, त्यामुळे दोष शोधण्यात वेळ जातो.

नायलॉनचा स्वभाव

टाय कायम टिकतात, हाही गैरसमजच आहे. नायलॉन हवेतील ओलावा शोषून लवचिक राहते. कोरड्या, तापलेल्या जागी तो ओलावा उडून गेला, की ते ठिसूळ होते. सामान्य टाय साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनीही नायलॉन झिजते. म्हणूनच उन्हात वापरण्याच्या टायमध्ये कार्बनची काजळी मिसळलेली असते. गच्चीवर किंवा सज्जात बांधलेला साधा पांढरा टाय काही काळाने आपोआप तुटून पडतो, त्याचे कारण हेच.

तुटलेल्या किंवा कापलेल्या टायचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. नायलॉनचा पुनर्वापर तत्त्वतः शक्य असला, तरी बोटभर लांबीचे सुटे तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यातून वेचून वेगळे करणे व्यवहारात अवघड असते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. चमचे, पेले, स्ट्रॉ अशा वस्तूंच्या त्या यादीत केबल टाय नाही. तरीही जी वस्तू एकदाच वापरता येते आणि कापूनच काढावी लागते, तिचे वर्तन या वस्तूंपेक्षा फारसे वेगळे नाही.

पर्याय कोणते?

सुटणाऱ्या आणि पुन्हा बांधता येणाऱ्या साधनांत पहिला मान वेल्क्रोच्या पट्टीचा. स्विस अभियंता जॉर्ज दे मेस्त्राल १९४१ मध्ये कुत्र्यासह रानात फिरायला गेले असता, काटेरी फळे कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली त्यांना आढळली. आपल्याकडे आघाड्याची बोंडे धोतराला चिकटतात, तसाच हा प्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फळांवर असंख्य बारीक आकडे दिसले आणि त्यातून एका बाजूस आकडे व दुसऱ्या बाजूस फासे असलेली पट्टी जन्माला आली. ही पट्टी वायरींना चिरडत नाही, हाताने उघडते आणि अनेकदा वापरता येते. नेटवर्कच्या केबलसाठी जाणकार तिचीच शिफारस करतात.

मेजाच्या कडेला चिकटवायच्या खाचेच्या क्लिपा हा दुसरा पर्याय. चार्जरची वायर खाचेत दाबून बसवली, की तिचे टोक जमिनीवर घसरत नाही. क्लिप चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडा करावा, अन्यथा ती चार दिवसांत निखळते. ज्याला खर्च करायचा नाही, त्याने कचेरीतील कागदांची काळी बाइंडर क्लिप मेजाच्या कडेला लावावी. तिच्या तारेच्या कानातून बारीक वायर सहज ओवली जाते. टायचीच सवय असलेल्यांसाठी जीभ दाबून सोडवता येणारे टायही मिळतात. आणि यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर सुती नाडीची सुरगाठ आहेच.

मांडणी कशी करावी?

साधन कोणतेही असो, सुरुवात बांधण्याने करू नये. आधी वीज बंद करून सर्व वायरी सोडवाव्यात आणि ज्यांचे उपकरणच घरात उरलेले नाही, त्या बाजूला काढाव्यात. राहिलेल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. विजेच्या वायरी आणि नेटवर्कच्या केबल यांच्या जुड्या वेगळ्या ठेवाव्यात. पट्टी साधारण हात-दीड हाताच्या अंतरावर बांधावी आणि ती इतकीच घट्ट असावी, की आतली वायर ओढल्यास सरकेल. उपकरणाजवळ थोडी वायर मोकळी सोडावी, म्हणजे ते साफसफाईसाठी पुढे ओढता येते आणि जोडणीवर ताण येत नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. इस्त्री किंवा हीटर यांसारख्या जास्त वीज घेणाऱ्या उपकरणांची एक्स्टेन्शन वायर गुंडाळलेल्या स्थितीत वापरू नये. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वेष्टन वितळण्याचा धोका संभवतो.

तात्पुरत्या कामांत तर सुटणाऱ्या साधनांचा लाभ सर्वाधिक. गणेशोत्सवातील घरगुती आरास आणि मंडपातील रोषणाई दहा-अकरा दिवसांसाठी उभी राहते. त्यानंतर घाईघाईने टाय कापले जातात आणि त्यात दिव्यांच्या माळांच्या बारीक वायरीही कापल्या जातात. त्याच जागी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरल्या, तर माळा धड राहतात आणि पट्ट्या पुढील वर्षी पुन्हा कामी येतात.

याचा अर्थ केबल टाय निरुपयोगी आहे, असा नव्हे. वाहनाच्या इंजिनात, यंत्रांच्या सांगाड्यात, उंचावरच्या खांबांवर, जेथे हादरे बसतात आणि वर्षानुवर्षे कोणी हात लावणार नसते, तेथे योग्य दर्जाचा टायच हवा. निवड करताना एकच प्रश्न विचारावा, ही जुडी पुन्हा सोडावी लागणार आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ती कापावी न लागता सुटेल अशीच बांधावी. शहरी घरात बहुतेक वेळा हे उत्तर ‘होय’ असेच येते.